क्यू६६०० तीन गिगाहर्ट्झवर अडलाय: दोष प्रोसेसरचा की बोर्डाचा?

पंचगंगा_घाट (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, जुन्या हार्डवेअरचा नाद असलेल्यांनी जरा इकडे लक्ष द्या.

मशीन असं आहे: इंटेल कोअर २ क्वाड क्यू६६००, जी० स्टेपिंग (चिपची नंतरची सुधारित आवृत्ती). जी३१ चिपसेटचा बोर्ड (कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा तिकडेच वळेल). २-२ जीबीच्या दोन डीडीआर२-८०० रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस. बॉक्समधला कूलर काढून नुकताच टॉवर कूलर लावलाय.

मूळ हिशेब: एफएसबी (प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातल्या बसचा, म्हणजे डेटाच्या रस्त्याचा वेग) २६६ × मल्टिप्लायर ९ = २.४ गिगाहर्ट्झ. मला ओव्हरक्लॉक करून (मूळ वेगापेक्षा जास्त पळवून) ४०० × ९ = ३.६ हवाय. त्या काळच्या गप्पांमध्ये क्यू६६०० वाला प्रत्येक जण ३.६ सांगायचा, म्हणून. प्रत्यक्षात ३३३ ला मशीन चालू होतं, ३४५ ला विंडोज लोड होताना लटकतं, आणि ३५० टाकलं की पंखे फिरतात, बंद होतात, परत फिरतात आणि बायोस सगळं मूळ पदावर आणून ठेवतो. व्हीकोर (प्रोसेसरच्या कोअरचं व्होल्टेज) १.४० पर्यंत चढवून पाहिला. ढिम्म.

दुसरा त्रास वेगळाच. ३३३ × ९ म्हणजे ३ गिगाहर्ट्झवर साधं काम दिवसभर चालतं, पण व्हिडिओ एन्कोडला लावला की अर्ध्या-पाऊण तासात स्क्रीन गोठते. टेंपरेचर तर ६२-६३ च्या वर जातच नाही.

प्रोसेसरच कमकुवत निघालाय की बोर्ड?

बिनसाखरेचा | शनिवार, रात्री १०:३१

पहिला प्रश्न, २००७ च्या प्रोसेसरवर एन्कोड कशाला करताय? आजचा सगळ्यात स्वस्त लॅपटॉप त्याच्या पुढे असेल.

पंचगंगा_घाट | शनिवार, रात्री १०:४४

अपेक्षित प्रश्न. :)

माझ्याकडे लोक लग्नाच्या जुन्या मिनी-डीव्ही कॅसेट घेऊन येतात. त्या कॅमेऱ्यातून उतरवायला फायरवायर जोडणी लागते, आणि माझं फायरवायर कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटचं आहे. नव्या बोर्डावर तो स्लॉटच नसतो. शिवाय या मशीनवर कॅप्चर करताना एक फ्रेम सुटत नाही. म्हणून ते जिवंत ठेवायचंय. आणि खरं सांगू का, नादही आहे.

अंबाझरी_बॉय | शनिवार, रात्री १०:५८

भाऊ, रॅम ऑटोवर आहे का? जी३१ मध्ये एफएसबी वाढवला की रॅम पण सोबत पळते. २६६ ला ८०० असलेली रॅम त्याच रेशोवर ३३३ ला गेली की थेट १००० होते बे. तुमची रॅम ८०० ची, ती कशी झेपवन? रेशो १:१ वर आणा आधी.

पंचगंगा_घाट | शनिवार, रात्री ११:०५

ते केलंय. सीपीयू-झेडमध्ये (वेग-व्होल्टेज दाखवणारा प्रोग्राम) रॅम ३३३ दाखवतं, म्हणजे ६६७. टायमिंग ५-५-५-१५ वर हाताने बांधलंय आणि रॅमला १.९ व्होल्ट दिलेत. मेमटेस्ट रात्रभर चालवला, एरर नाही.

नवखा_निखिल | शनिवार, रात्री ११:०९

३३३ म्हणजे ६६७ कसे?

अंबाझरी_बॉय | शनिवार, रात्री ११:१२

डीडीआर मधला पहिला डी म्हणजे डबल. घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा. एफएसबी तर एका ठोक्यात चारदा पाठवतो, म्हणून २६६ ला १०६६ म्हणतात अन् ३३३ ला १३३३. खोक्यावर मोठा आकडा छापायला मिळते, कंपनीचं काय जाते.

नवखा_निखिल | शनिवार, रात्री ११:१५

ओके धन्स. खुर्ची टाकून बसलोय.

सोल्डरिंग_काका | रविवार, सकाळी ७:२०

दोन वेगळे आजार आहेत, ते एकात कालवू नका. ३५० ला चालूच न होणं हा एक, आणि ३ गिगाहर्ट्झवर अर्ध्या तासाने गोठणं हा दुसरा. दोन्हींचं औषध वेगळं.

पहिल्यासाठी साधी परीक्षा सांगतो. क्यू६६०० चा मल्टिप्लायर वर जात नाही, ते फक्त एक्स्ट्रीम आवृत्तीत. पण खाली ६ पर्यंत येतो. तर मल्टिप्लायर ६ करा आणि एफएसबी ३५० टाका. हिशेब झाला २.१ गिगाहर्ट्झ, म्हणजे मूळ वेगापेक्षाही कमी. प्रोसेसरच्या कोअरला याचा घाम येण्याचं कारणच नाही. तरीही चालू झालं नाही तर कोअरवरचा संशय सोडा, भिंत बसची आहे. आणि तसं असेल तर व्हीकोर कितीही चढवा, उपयोग शून्य. उगाच १.४० वर चिप तापवत बसाल.

रात्रपाळी | रविवार, सकाळी ९:४८

काकांना +१.

जुन्या बोर्डावर लोक हीच पायरी गाळतात. सगळं एकदम वाढवतात, मशीन पडलं की व्होल्टेज वाढवतात, आणि नेमकं कोण पडलं हे कधीच कळत नाही. आधी बस एकटी तपासा (मल्टिप्लायर खाली, रॅम सैल). मग बस २६६-३०० ला ठेवून रॅम एकटी. कोअर शेवटी.

आणि हो, पीसीआय-ई १०० वर आणि पीसीआय ३३.३ वर बांधून ठेवा. ऑटो नको. ते बसबरोबर वाढले तर तुमचं फायरवायर कार्ड पहिलं रुसेल, आणि हार्ड डिस्कवर कचरा लिहिला गेला तर लग्नं गेली पाण्यात.

मिसळ_एक्स्ट्रा_कट | रविवार, सकाळी १०:०२

लग्नं पाण्यात जाण्याला प्रोसेसर लागत नाही हो.

बिनसाखरेचा | रविवार, सकाळी १०:०६

प्रतिसाद काळजातून आलेला दिसतोय. =))

पंचगंगा_घाट | रविवार, दुपारी १:३०

काका, केलं. ६ × ३३३ मस्त चालतो. ६ × ३४० पण. ६ × ३५० ला तोच तमाशा, पंखे चालू-बंद. म्हणजे बोर्डच ना?

सिलिकॉन_सासवड | रविवार, दुपारी २:१५

थांबा, इतक्यात बोर्डाला फासावर देऊ नका. एफएसबीची भिंत प्रोसेसरचीही असू शकते. काकांच्या परीक्षेतून इतकंच सिद्ध होतं की कोअरचा वेग अडवत नाहीये. बसच्या दोन टोकांपैकी नेमकं कोणतं टोक हात वर करतंय, ते त्यातून कळत नाही.

क्यू६६०० ही एक अखंड चौकोरी चिप नाहीच. कोअर २ ड्युओच्या दोन चिपा एका पाटीवर शेजारी बसवल्यात, आणि दोघींना नॉर्थब्रिजकडे (प्रोसेसर आणि रॅम जोडणारी बोर्डावरची चिप) जायला एकच बस. एकाच नळावर दोन बिऱ्हाडं. त्या दोघी आपसात बोलतात तेही त्याच बसवरून. बसवर विजेचा भार दुप्पट, सिग्नल तितका मळका. म्हणून ज्या बोर्डावर ड्युओ ४०० ला सहज जातो तिथे क्वाड बराच आधी दमतो. आणि जी३१ हा स्वस्तातल्या ऑफिस मशीनसाठीचा चिपसेट, अधिकृत मर्यादाच १३३३. तुम्ही अधिकृत मर्यादेवर उभे आहात आणि वर १७ मेगाहर्ट्झ मागताय.

कोणाकडून ई८४०० वगैरे कोअर २ ड्युओ उसना मिळाला तर त्याच बोर्डावर लावा. तो ३५० च्या वर गेला, तर बोर्डाला ड्युओ झेपतो पण तुमचा क्वाड झेपत नाही, एवढं तरी नक्की होईल.

सोल्डरिंग_काका | रविवार, दुपारी ३:०५

मुद्दा मान्य. पण क्यू६६०० चे ३.६ चे जे आकडे लोक सांगायचे ते पी३५ आणि नंतरच्या पी४५ चिपसेटच्या बोर्डांवरचे. तिथे ४०० ला क्वाड जायचा. त्यामुळे चिपच ३४० ला थकली असेल याची शक्यता मला कमी वाटते. नॉर्थब्रिजला व्होल्टेज वाढवायची सोय आहे का बायोसमध्ये?

पंचगंगा_घाट | रविवार, दुपारी ३:२०

एकच पायरी आहे, +०.१. दिली. ३४५ ला आता विंडोज लोड होतं, पण प्राइम९५ चा (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारी चाचणी) ब्लेंड पाच मिनिटांत पडतो. ३५० ला फरक नाही. नॉर्थब्रिजचा हीटसिंक मात्र बोट ठेववत नाही इतका तापला.

रात्रपाळी | रविवार, दुपारी ३:४१

मग +०.१ काढून टाका. पाच मेगाहर्ट्झसाठी एवढी भट्टी नको. तो हीटसिंक उपटून त्याखालची पेस्ट बदला आधी, ती एव्हाना खडू झाली असणार.

टेपवाला | रविवार, संध्याकाळी ५:००

चिकटपट्टीचा उपाय कोणी सांगितला नाही अजून!

क्यू६६०० च्या तळाला जे सोनेरी ठिपके असतात त्यात बसचा वेग सांगणारे तीन असतात, बीएसईएल नावाचे. त्यातला नेमका एक ठिपका बारीक चिकटपट्टीने झाकला की बोर्डाला वाटतं हा १०६६ चा नाही, १३३३ चा प्रोसेसर आहे. मी एका कंपनीच्या ब्रँडेड डेस्कटॉपवर केलंय. त्याच्या बायोसमध्ये ओव्हरक्लॉकचा 'ओ' पण नव्हता, तरी थेट ३ गिगाहर्ट्झवर उठला.

धागाकर्त्याला फायदा असा की बोर्ड १३३३ चा प्रोसेसर समजला की नॉर्थब्रिजचं आतलं टायमिंगही सैल धरतो. काही बोर्डांवर भिंत त्यामुळे थोडी पुढे सरकते.

सिलिकॉन_सासवड | रविवार, संध्याकाळी ५:२२

खरं आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सावधगिरी: हे १०६६ वरून १३३३ ला जाताना झाकण्याने होतं. ८०० वाल्या ई२१६० सारख्यांना १०६६ करायचं तर नुसतं झाकून भागत नाही, एक ठिपका जमिनीला जोडावा लागतो. सगळ्यांना एकच पट्टी चालत नाही. आणि एलजीए ७७५ च्या सॉकेटच्या पिना एकदा वाकल्या की भिंग घेऊन रविवार जातो.

हेमाडपंती | रविवार, संध्याकाळी ६:१०

अवांतर: पट्टीवरून आमचं तारुण्य आठवलं. १९९८ चा सेलेरॉन ३००ए! ६६ ची बस १०० केली की ३०० चा ४५० मेगाहर्ट्झ. ४४०बीएक्सचा बोर्ड, बायोसमध्ये एक आकडा बदलायचा, संपलं. निम्म्याहूनही कमी किमतीत वरच्या दर्जाच्या पेंटियम २ ची बरोबरी. लॅमिंग्टन रोडला दुकानदाराला चिप कोणत्या आठवड्यात बनली ते विचारून निवडणारे लोक होते. नंतर एएमडीचे ड्युरॉन आले, त्यांच्या पाठीवरचे तुटके पूल पेन्सिलीने जोडले की मल्टिप्लायर मोकळा. शिसपेन्सिल हे ओव्हरक्लॉकिंगचं अधिकृत हत्यार होतं, सांगा आजच्या पोरांना.

नवखा_निखिल | रविवार, संध्याकाळी ६:१८

पेन्सिलीने??

हेमाडपंती | रविवार, संध्याकाळी ६:२५

ग्राफाइटमधून वीज जाते, बाळा. नटराज चालायची.

मिसळ_एक्स्ट्रा_कट | रविवार, संध्याकाळी ६:३०

आणि ओव्हरक्लॉक परत घ्यायचा तर खोडरबर.

सोल्डरिंग_काका | रविवार, रात्री ८:४०

गंमत करताय, पण खरंच तसंच पुसायचे.

आता दुसऱ्या आजाराकडे या, तोच जास्त महत्त्वाचा. धागाकर्ते, तीन गोष्टी बघून सांगा. एक, बायोसमध्ये व्हीकोर किती आणि लोडवर सीपीयू-झेड किती दाखवतो. दोन, प्रोसेसरशेजारच्या मॉस्फेटवर (त्याला वीज पुरवणारे काळे चौकोन) हीटसिंक आहेत का. तीन, तिथल्या कपॅसिटरची डोकी सपाट आहेत की फुगलीत. कॅबिनेटचं दार उघडून टॉर्च मारून बघा, अंदाजाने सांगू नका.

पंचगंगा_घाट | रविवार, रात्री ९:३५

बघितलं.

बायोसला १.३५. रिकामं असताना १.३२. चारही कोअर लोडवर १.२५, मधूनच १.२४.

मॉस्फेट उघडेच आहेत, हीटसिंक नाही. तीन कॉइल दिसतात म्हणजे तीन फेज (प्रोसेसरला वीज देणाऱ्या शाखा) असावेत. कपॅसिटर सगळे सपाट, फक्त मागच्या पोर्टांकडच्या एकाच्या मुळाशी तपकिरी डाग आहे, तो गोंद आहे की गळती ते कळेना. एक वेगळंच दिसलं: बोर्डावर येणाऱ्या ४ पिनच्या १२ व्होल्टच्या प्लगचं पांढरं प्लास्टिक पिवळ्या वायरींच्या बाजूला करपल्यासारखं झालंय.

सोल्डरिंग_काका | रविवार, रात्री १०:१०

सापडला चोर.

वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. जी० चा क्यू६६०० ९५ वॅटचा. १.२५ व्होल्टवर २.४ धरला तर ३.० ला १.३० व्होल्टवर साधारण १२८ वॅट होतात. तुमच्या स्वप्नातला ३.६, १.४० वर, १७९ वॅट. १.४० ने भागा: १२८ अँपियर. तीन फेजांत वाटले तर प्रत्येकी ४३ अँपियर, उघड्या मॉस्फेटवर, बिनपंख्याचे. हा बोर्ड त्यासाठी बनलेलाच नाही. आत्ताच्या ३.० लाही प्रत्येकी ३३ पडतायत.

त्या प्लगमधून १२ व्होल्टच्या फक्त दोन वायरी येतात. १२८ वॅट अधिक मधलं नुकसान धरलं तर प्रत्येकीतून सहा अँपियरच्या आसपास. तेवढं चांगली पिन सहज झेपवते, पण सैल झालेली पिन तापते, तापली की आणखी सैल होते. प्लास्टिक त्यामुळेच करपलंय.

आणि टेंपरेचर ६२ म्हणताय, ते प्रोसेसरच्या आतलं. मॉस्फेटला तुमच्या बोर्डावर सेन्सरच नाही. तिथे ११० असलं तरी स्क्रीनवर ६२ च दिसणार.

रात्रपाळी | रविवार, रात्री १०:२४

काका, कूलरबद्दल पण सांगा ना. टॉवर कूलर लावल्यापासूनच गोठायला लागलंय का?

पंचगंगा_घाट | रविवार, रात्री १०:३०

आधी एन्कोड २.४ वरच करायचो, त्यामुळे तुलना नाही. पण का? टॉवर तर बॉक्सवाल्यापेक्षा कितीतरी चांगला.

रात्रपाळी | रविवार, रात्री १०:४७

प्रोसेसरसाठी चांगला. बॉक्सचा गोल कूलर हवा खाली बोर्डावर आपटतो, ती चारी बाजूंना पसरते आणि मॉस्फेट, कॉइल, नॉर्थब्रिज सगळ्यांना फुकटात वारा मिळतो. टॉवरचा पंखा हवा आडवी मागे फेकतो. प्रोसेसर पंधरा अंशांनी थंड, शेजारी उकाड्यात. महागड्या बोर्डांवर मॉस्फेटवर हीटसिंक असतात म्हणून तिथे चालून जातं.

८० मिलीमीटरचा एक जुना पंखा घ्या, केबल टायने टॉवरला असा बांधा की वारा तिरका मॉस्फेटवर पडेल. पैसे शून्य. बाकी काहीही न बदलता एन्कोड लावा.

बिनसाखरेचा | रविवार, रात्री ११:०२

मी परत तेच म्हणणार. कॅप्चर जुन्यावर करा, फाइल नेटवर्कवरून नव्या मशीनवर टाका, एन्कोड तिथे. डीव्ही तासाला १३ जीबीच्या आसपास, गिगाबिट लॅनवर काही मिनिटांचं काम. करपलेल्या प्लगवर लोकांच्या लग्नाच्या कॅसेटा कशाला?

अंबाझरी_बॉय | रविवार, रात्री ११:१०

त्याईचं म्हणणं चूक नाही. पण नादाला औषध नाही.

बाकी उपाय म्हणून झिऑन ई५४५० पण पाहा. ४५ नॅनोमीटर, ३ गिगाहर्ट्झ मुळातच, १२ एमबी कॅश, ८० वॅट. ओव्हरक्लॉक न करता तुम्हाले जे पाहिजे ते. ७७१ सॉकेटचा असल्यानं स्टिकर लागते दोन पिना अदलाबदल करायला, अन् सॉकेटचे दोन कान कापा लागते. एसएसई४.१ (प्रोसेसरचे जादा आदेश) असल्यानं एन्कोडमध्ये त्याच वेगाले पण पुढं राहते.

सिलिकॉन_सासवड | सोमवार, सकाळी ८:५०

बोर्डाच्या बायोसला त्याचा मायक्रोकोड (त्या प्रोसेसरसाठीचा अंतर्गत कोड) माहीत असेल तरच, ते आधी बघा. आणि विंडोज ११ चं स्वप्न असेल तर विसरा: २४एच२ पासून एसएसई४.२ आणि पॉपकाउंट लागतं, ते ना क्यू६६०० कडे ना ई५४५० कडे. लिनक्स मात्र आनंदाने चालेल, फायरवायर कॅप्चरसुद्धा.

पंचगंगा_घाट | बुधवार, रात्री ९:१५

अहवाल देतो.

पंखा बांधला. बाकी सगळं तसंच ठेवून ३३३ × ९ वर एन्कोड लावला, पूर्ण लग्न गोठल्याशिवाय उतरलं. जेवणाच्या पंगतीसकट.

मग एसएमपीएस बदलला (घरातला दुसरा, ८ पिनचा प्लग असलेला, त्यातला अर्धा लावला). लोडवरचं व्होल्टेज १.२५ वरून १.२६ झालं, फार नाही, पण प्लग आता हाताला गार लागतो. नॉर्थब्रिजखालची पेस्ट रात्रपाळी म्हणाले तशी खडूच होती, बदलली. नॉर्थब्रिजचा +०.१ काढला.

त्यानंतर बायोसचा व्हीकोर एकेक पायरी उतरवत १.३१ वर आलो. त्याखाली प्राइम९५ च्या स्मॉल एफएफटी चाचणीत चौथा कोअर पडतो, म्हणून तिथेच थांबलो. ब्लेंड रात्रभर चालला.

ओळखीच्या सायबर कॅफेवाल्याकडून ई८४०० पण आणला होता. त्याच बोर्डावर ३८० ला विंडोज उघडलं. सासवडकर जिंकले: बोर्ड ड्युओला झेपवतो, दोन बिऱ्हाडांना नाही. माझा क्वाड ३४० च्या पुढे स्थिर होत नाही, पट्टी लावायचा धीर झाला नाही.

टेपवाला | बुधवार, रात्री ९:२२

पट्टी लावा हो, काही होत नाही.

सोल्डरिंग_काका | बुधवार, रात्री ९:४०

नका लावू. ३.० ला उघड्या मॉस्फेटवर तुमचं भागलंय. पट्टीने बस पुढे सरकली तरी त्या तीन फेजांना वर अजून खेचायचं नाही.

तो तपकिरी डागवाला कपॅसिटर मात्र तपासा, गळती असेल तर बदलून घ्या. कारखान्यातला गोंद असेल तर तो टणक आणि एकसारखा असतो, नखाने सोलला तर निघतो. गळती असेल तर बोर्डावर चिकट थर लागतो. तीच क्षमता, तेच किंवा जास्त व्होल्टेज, १०५ अंशाचा, लो ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा). साधा ८५ अंशाचा लावून कोणी दिला तर परत करा.

पंचगंगा_घाट | बुधवार, रात्री ९:५८

नखाने निघाला. गोंदच. :)

मिसळ_एक्स्ट्रा_कट | बुधवार, रात्री १०:०५

अभिनंदन. आता तो ८० चा पंखा केवढा आवाज करतो ते सांगा.

पंचगंगा_घाट | बुधवार, रात्री १०:११

बायको म्हणते पिठाची गिरणी परत आणलीस का. ७ व्होल्टवर चालवायला वायर बदलतोय, पिवळी आणि लाल.

नवखा_निखिल | गुरुवार, दुपारी १२:३३

माझ्या काकांकडे ई२१८० आहे, ९४५ चिपसेटचा बोर्ड. त्याला पट्टी लावू का?

सिलिकॉन_सासवड | गुरुवार, दुपारी १२:४०

तो ८०० चा आहे. वर रविवारी संध्याकाळचा माझा प्रतिसाद परत वाच. आणि त्यासाठी नवा धागा काढ, बायोसमध्ये काय काय दिसतं त्याचे फोटो टाकून.